बिनबंदुकीचं विमान

कापड दुकानाच्या गादीवर रोज चार माणसं जमली की चहा संपतो, किस्से मात्र साठत जातात! जालन्यात कांतीशेठच्या दुकानात आमचे असेच साठले. शेठ मारवाडी जैन, आणि दुकानात बसायच्या आधी महायुद्धात ब्रह्मदेशावर विमान उडवून आलेला. मी शाळामास्तर. शाळा सुटली की मुक्काम तिथंच.

शेठचं विमान फोटोचं. शत्रूच्या मुलखात एकट्यानं जायचं, पुलांचे, रेल्वेचे फोटो काढायचे आणि जिवंत परत यायचं. वजन कमी व्हावं म्हणून बंदुका काढून टाकलेल्या!

"मंग दुश्मन मागं लागला तर?" मी विचारलं.

"पळायचं की, मास्तर! अन् जल्दी पळायचं!"

*

शेठचे वडील, बापूजी, मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारे. मुलगा फौजेत गेला म्हणून ते रुसून बसले होते. "हातून हत्या नको," एवढंच त्यांचं म्हणणं. विमानात बंदूकच नाही हे कळल्यावर राग गेला, पण शंका उरलीच.

"काचेवर किडे मरत असतील ना?"

"तीस हजार फुटांवर किडे न्हाईत, बापूजी!"

*

सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, हा नेम शेठनं युद्धातही पाळला. एकदा परतताना खाली अंधारलं होतं, वर मात्र अजून ऊन. आता खाल्लं नाही तर उपास! शेठनं ऑक्सिजनचा मास्क काढून पुरी तोंडात घातली. ती गारठून दगड झालेली. चावता चावता डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा कसाबसा मास्क परत लावला.

खाली उतरल्यावर त्याचा चेहरा पाहून साहेबानं विचारलं, "दुश्मनानं गाठलं का?"

"न्हाई साहेब, पुरीनं!"

*

कॅमेरा चालू असताना विमान सरळ रेषेतच ठेवावं लागे. खालून तोफा सुरू झाल्या तरी वळायचं नाही. वळलं की फोटो वाया, आणि त्याच तोफांवर पुन्हा यायचं!

युद्धानंतर बदनापूरला एका लग्नात फोटोग्राफर "हलू नका" म्हणून काळ्या कापडात शिरला आणि शेजारी फटाक्यांची अख्खी पेटी उडाली. नवरदेवासकट सगळे पळाले. फोटोत एकटा शेठ, ताठ!

"तुम्ही का न्हाई पळाले?" मी विचारलं.

"त्यानं 'बस झालं' म्हटलंच न्हाई ना!"

सगळे हसले. मला मात्र त्या दिवशी आपल्या मित्राचा फार अभिमान वाटला.

*

एका दुपारी दुकानात बापूजींनी मध्येच विचारलं, "कांती, तू फोटो काढल्यावर त्या पुलाचं काय व्हायचं?"

शेठ कापडाची घडी घालत होता. "बाँबवाली विमानं जायची, बापूजी."

"अन् मंग?"

"मंग मी परत जायचो. पूल पडला का, त्याचा फोटो काढायला."

"पुलावर माणसं असायची?"

शेठनं झालेली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. बापूजी उठून घरात गेले. पुढे कित्येक दिवस बापलेकांत बोलणं नव्हतं.

मग संवत्सरी आली. या दिवशी जैन मंडळी घरोघरी जाऊन वर्षभरातल्या चुकांची हात जोडून माफी मागतात. मी भेटायला गेलो तर शेठ सापडेना. बापूजी आणि मी गच्चीवर गेलो. शेठ हात जोडून उभा होता, तोंड पूर्वेला.

"सारी गल्ली खाली वाट बघून राह्यली," बापूजी म्हणाले. "इथं कोणाची माफी मागून राह्यला?"

"ब्रह्मदेश इथून सरळ पूर्वेला येतो, बापूजी." शेठ जागचा हलला नाही.

 बापूजींनी पगडी काढून कठड्यावर ठेवली, मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हात जोडले.

"बराबर कुठं, कांती? बोट दाखव."