प्रत माहितीसाठी सादर

पृथ्वीवरचा शेवटचा मनुष्य ज्या दिवशी दुसऱ्याला उत्तर द्यायचे विसरेल, त्या दिवशीही आमच्या माडीवरचे भाडेकरू ‘आपला निरोप पोचला, आभारी आहे’ असे कोणाला तरी कळवत बसलेले असतील, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी यवतमाळच्या एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. विनय या विषयावर मुलांकडून किती निबंध लिहून घेतले, त्याची गणती नाही. पण साक्षात विनय इस्त्रीचा सदरा घालून, हातात डबा घेऊन, रोज सकाळी पावणेदहाला जिना उतरताना मी पाहिला तो निवृत्तीनंतर, आणि तोही माझ्याच घरात.

जिना उतरतात खरे, पण या गृहस्थांना जायचे कोठेच नसते. ते ‘फ्रीलान्सर’ आहेत. या शब्दाचा अर्थ त्यांनी मला तीन वेळा समजावला, तेव्हा माझ्या ध्यानात आले ते इतकेच की, ज्याला एक मालक नाही आणि म्हणून भेटेल तो ज्याचा मालक होऊ शकतो, असा हा मनुष्य. परगावचे वास्तुरचनाकार यांना घरांची कच्ची टिपणे संगणकावर पाठवतात आणि हे त्यांचे रेखीव आराखडे करून देतात. हे काम माडीवरच्या मागच्या खोलीत चालते. मात्र पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत सरळ जाणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. पत्नीला ‘येतो’ म्हणून ते पुढच्या जिन्याने खाली येतात, ओसरीवर मला नमस्कार करतात, कोपऱ्यावरच्या मारुतीला प्रदक्षिणा घालतात आणि मागच्या लोखंडी जिन्याने वर चढून कामावर रुजू होतात. हजेरीपुस्तकावर सही करतात. दहा ते सहा या वेळात मधले दार बंद. पत्नीला काही सांगायचे असेल तर तिने फोन करावा, असा दंडक. एकदा सिलिंडर आत ओढून घ्यायला तिने फोन केला, तर पलीकडून अत्यंत आदबीने विचारणा झाली की आपले काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबू शकेल काय. ती माउली फुलसावंगीकडची, शेतकऱ्याची लेक. ओसरीवर येऊन मला म्हणाली, “गुरुजी, आमच्या गावात बैल बी इतका टायमावर वावरात नाही जात. आन् बैलाले निदान हाक त मारता येते.”

यांचे आजोबा सरकारी कारकून, वडील सरकारी कारकून, थोरले बंधू अजूनही कार्यालयात. त्या घरात लहान मुले पाटीवर पहिले अक्षर गिरवतात ते ‘सविनय’ मधले, असे मी गमतीने म्हणतो. हे एकटेच चाकोरीबाहेर पडले. वणीला खाणीच्या एका ठेकेदाराकडे बारा वर्षे यांनी ट्रकांच्या वजनकाट्यांचे, गोदामांचे आणि पत्र्याच्या शेडचे नकाशे काढले. एके दिवशी यांच्या मनात आले की ज्यात माणसे जेवतील, भांडतील, झोपतील असे एकही घर आपण आजवर रेखले नाही. राजीनामा दिला, आणि कार्यालयातून बाहेर पडताना कार्यालय मात्र सोबत घेऊन आले. चुलत भावाच्या लग्नासाठी यांनी स्वतःलाच किरकोळ रजेचा अर्ज केला आणि त्यावर स्वतःच लाल शाईने शेरा मारला : ‘कामाची निकड पाहता अमान्य.’ मी म्हटले, अहो, त्या दिवशी तुमच्या हाती काम तरी होते का. तर म्हणाले, “नव्हतं, गुरुजी. म्हनूनच त बसावं लागते. हाती काम असलं का कोनी बी बसते. एक डाव रजा मंजूर केली न, का मंग ती रोजच मंजूर होते.” काम नसलेल्या दिवशी ते जुन्या वजनकाट्याच्या खोलीचा नकाशा घेऊन तिला ओटा, देवघर आणि अंगण जोडत बसतात. हाताची सवय मोडू नये म्हणून, असे त्यांचे म्हणणे. मला त्यात जपाची शिस्त दिसते. फळ मिळाले नाही म्हणून कोणी माळ खाली ठेवत नाही.

यांची खरी साधना मात्र ओळखी जोडण्याची. व्यवसायातले लोक एकमेकांना जेथे शोधतात असे एक संकेतस्थळ आहे. तेथे या गृहस्थांचा वावर एखाद्या सोवळ्यातल्या पाहुण्यासारखा. ओळख स्वीकारल्याबद्दल प्रथम आभार. मग त्या व्यक्तीने केलेले काम नीट पाहून, त्यातल्या एखाद्या खिडकीविषयी किंवा जिन्याविषयी मनापासून दोन ओळी. काम मागायचे ते तिसऱ्या खेपेच्या आधी कदापि नाही. ओळख होताच स्वतःच्या दरांची यादी पाठवणाऱ्या एका अनोळखी तरुणाचा निरोप त्यांनी मला दाखवला होता. यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट करुणा होती. “दार उघडं दिसलं म्हनून कोनी चुलीपर्यंत जाते का, गुरुजी? ह्या भाऊनं त जोडे बी नाही काढले.”

या शिष्टाचारातल्या शंकांचे निरसन करणारे पीठ म्हणजे माझी ओसरी. मला संगणक उघडता येत नाही, यामुळे माझ्या अधिकाराला त्यांच्या दृष्टीने कसलीही बाधा येत नाही. आपल्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठवावे का, हा प्रश्न त्यांनी घातला तेव्हा मी दोन दिवस विचार केला आणि सांगितले की नमस्कार समोरच्याच्या अंतरात जो आहे त्याला असतो, आणि त्याचे वय कोणाला ठाऊक नाही. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. सुरतेच्या एका गृहस्थाचे वडील वारले. त्या वार्तेखाली शेकडो लोकांनी अंगठ्याचे चिन्ह उमटवलेले पाहून हे दिवसभर अस्वस्थ होते. शेवटी पोस्टाचे पाकीट आणून त्या न पाहिलेल्या माणसाला यांनी हाताने पत्र लिहिले.

इतका जपून पाऊल टाकणारा मनुष्य घसरला, आणि दुःखाची गोष्ट अशी की त्याला धरून ठेवायचे सोडून मी पुढे ढकलले.

नाशिकच्या एका वास्तुरचना संस्थेत काम करणाऱ्या बाईंशी यांचा पाच महिने पत्रव्यवहार चालू होता. चौथ्या महिन्यात बाईंनी आपण होऊन लिहिले की, एका शाळेच्या शिक्षकांसाठी बारा घरे बांधायची आहेत, आराखड्यांसाठी तुमचे नाव मनात आहे, लवकरच कळवते. बारा घरे. हे सांगायला ते खाली आले तेव्हा आधी देवापुढे पेढा ठेवून आले होते. त्यानंतर बाईंकडून काहीच आले नाही. पंधरा दिवस गेले, वीस गेले. इकडे थोरल्या बंधूंनी एका संस्थेच्या कार्यालयात यांच्यासाठी कंत्राटी लिपिकाची जागा सांगून ठेवली होती. नोकरी सोडताना यांनी दादांना शब्द दिला होता, वर्षभर पाहतो, जमले नाही तर तुम्ही म्हणाल तेथे बसेन. वर्ष पुरे होत होते त्याच सोमवारी त्या जागेचे उत्तर द्यायचे होते. म्हणजे बाईंचे काम आले तर घरे, नाही तर जन्मभर आवक-जावक.

त्या गुरुवारी ते एक मसुदा घेऊन आले. माथ्यावर लिहिले होते, ‘स्मरणपत्र क्रमांक १’. खाली, ‘संदर्भ : आपले गेल्या महिन्याचे आश्वासन’. भाषा अत्यंत नम्र. मी दोन ठिकाणी शब्द सुधारले, आणि शेवटी आपल्या हाताने ओळ घातली : ‘प्रत, माननीय संस्थाप्रमुख यांना माहितीसाठी सविनय सादर’. क्षणभर ते घुटमळले. वरच्या साहेबांना कळवणे बरे दिसेल का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, शाळेतून मी जो कागद धाडला त्याची एक प्रत वर गेलीच. प्रतीवाचून कागदाला पूर्णत्व नाही. त्यांच्याही डोळ्यांपुढे वडील उभे राहिले असावेत. वडिलांचा एकही कागद प्रतीशिवाय गेला नव्हता. दोघांचेही समाधान झाले आणि पत्र गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कामाच्या वेळात, ते पुढच्या जिन्याने खाली आले तेव्हाच मी समजलो की काही अघटित घडले. फोन माझ्या हाती देऊन ते पायरीवर बसले. बाईंनी लिहिले होते की, मी आपल्याशी स्नेहाने बोलत होते. घरी आजारपण होते म्हणून लिहिणे राहिले. आपण माझ्या सरांकडे माझी तक्रार केलीत, आता मला सगळ्यांसमोर खुलासा द्यावा लागतो आहे. मी ते दोनदा वाचले. ज्या ओळीने आम्ही जन्मभर आदर व्यक्त केला, तिचा त्या जगात अर्थ चहाडी असा होतो, हे कळायला मला सत्तराव्या वर्षापर्यंत जगावे लागले. मी म्हणालो की ती ओळ माझी, दोष माझा. त्यांनी मान हलवली. “सही माही हाये, गुरुजी.”

मग क्षमापत्राचा मसुदा सुरू झाला. पहिला झाला तो सुरेखच झाला. क्षमा होती, खेद होता, आणि अखेरीस, ‘तथापि सदर घरांच्या कामाबाबत आपण उदार मनाने फेरविचार कराल अशी आशा आहे’ असेही होते. त्यांची पत्नी जवळच डाळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “माफी मांगून राह्यले का काम?”

ते उठून वर गेले आणि तासाभराने दोन पत्रे घेऊन आले. एक संस्थाप्रमुखांना : बाईंकडे माझे कोणतेही येणे नव्हते, उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नव्हते, प्रत पाठवणे हे माझे अज्ञान. दुसरे बाईंना. त्यात क्षमा मागून पुढे लिहिले होते की, या बारा घरांसाठी कृपया माझ्या नावाचा विचार करू नये. हे पत्र कामासाठी लिहिले असा संशयही आपल्या मनात येऊ नये म्हणून मी माझे नाव मागे घेतो. मी म्हटले, सोमवार तीन दिवसांवर आहे, पाठवण्यापूर्वी शांतपणे विचार करा. ते म्हणाले, “काम गेलं त दुसरं शोधता येते. पन माह्यापायी त्या बाईले हापिसात मान खाली घालावी लागली.” आणि माझ्यादेखत त्यांनी दोन्ही पत्रे रवाना केली.

सोमवारी सकाळी दादांचा फोन आला. हे सज्जात उभे राहून बोलत होते, त्यामुळे खाली ओसरीवर एक बाजू मला ऐकू येत होती. जागा चांगली आहे, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, तुमचे उपकार आहेत, पण मी येत नाही, असे त्यांनी सांगितले. शब्द मोडतो आहे, हेही त्यांनीच सांगितले, तो विषय दादांना काढू दिला नाही. पलीकडून हातात काम आहे का असे विचारले गेले असावे, कारण हे म्हणाले, “नाही, दादा. आज काहीच नाही.” मग कशाच्या भरवशावर, असा पुढचा प्रश्न असणार.

“दहा वाजून राह्यले, दादा,” ते म्हणाले. “मले कामावर जाचं हाये.”

मला चिंता वाटली ती त्या माउलीची. डोळ्यांत पाणी असेल म्हणून मी चौकशी केली, तर ती तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, “वर्ष त्याइनं दादाले देलतं. माह्याशी कोनी करार केला नव्हता बाप्पा. मी म्हनलं, आनखी एक घ्या.”

अकराव्या दिवशी नाशिकहून दोन ओळी आल्या. पत्र पोचले, सरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवले, विषय संपला. घरांचे काम दुसऱ्याला दिले गेले आहे. पण त्याच शाळेच्या फाटकाशी चौकीदाराची खोली व्हायची आहे, करणार का. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, एक दार, एक खिडकी. कोणीही तासाभरात रेखून दिली असती. यांना चार दिवस लागले. हिवाळ्यात सकाळचे ऊन कोठवर येईल, उन्हाळ्यात माठ कोठल्या कोपऱ्यात गार राहील, खुर्चीतून न उठता फाटक दिसेल का, सारे त्यात होते. हे कोणी मागितले होते, असे बाईंनी विचारले. यांनी कळवले की कोणी नाही, पण तेथे एक माणूस दिवसभर बसणार आहे.

त्यालाही आता दीड वर्ष झाले. काम येते, पण आपल्या मर्जीने येते. कधी दोन घरे एकदम, कधी महिना महिना काहीच नाही. अशा कोरड्या दिवसांत वरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी पोथीवरून मान वर करतो आणि उगाच कान देतो. देवाकडे काही मागू नये, अशा शिस्तीत मी वाढलो. मुलाचे लग्न, स्वतःचे आजारपण, पत्नीचे अखेरचे दिवस, कशातही ती शिस्त मी मोडली नाही. हल्ली मात्र संध्याकाळी दिवा लावल्यावर हात जोडलेलेच राहतात, आणि नाशकात, सुरतेत की आणखी कोठे, ज्याचे नाव मला कळणार नाही अशा कोणा अनोळखी माणसाला आमच्या माडीवर दोन ओळी पाठवण्याची बुद्धी व्हावी, एवढे मी देवाजवळ मागून घेतो.