चार दिवस राखून ठेवलेली चूक

तिची स्क्रिप्ट मी पहिल्यांदा उघडली ती शिकण्यासाठी नव्हे, चूक शोधण्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आमची कंपनी केळी उत्पादकांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. एक गट जळगावात, मेहरूण तलावाच्या बाजूला, आणि दुसरा धुळ्यात. दोन्ही गटांचा कोड एकाच सामायिक सर्व्हरवर असतो. त्या सर्व्हरची जबाबदारी लवकरच एकाच व्यक्तीकडे सोपवायची, असे संचालकांनी जाहीर केले होते. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. ती व्यक्ती म्हणजे मीच, अशी माझी पक्की समजूत होती. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी., तीन वर्षांचा अनुभव, शिवाय कोड जमा करताना नोंद लिहिण्याची शिस्तही मीच लावलेली. संगणकावर जी आज्ञा चालवली ती शब्दशः, उलट्या अवतरणचिन्हांत लिहायची. प्रयोगशाळेच्या वहीत जे घडले तेच लिहितात, तसे.

आणि मग धुळ्याच्या गटात ती आली. शिंदखेड्याची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला 'ताई' म्हणणारी. एका दुपारी तिने वीस ओळींचा छोटा प्रोग्राम, म्हणजे ही स्क्रिप्ट, लिहिला. कुणीही कोड जमा केला की त्याची नोंद आपोआप सर्वांना ईमेलने जाऊ लागली. तोवर आम्ही काय बदलले ते धुळ्याला फोन करून सांगावे लागे. प्रत्येक ईमेलच्या तळाशी तिने आपल्या अहिराणीत एक ओळ घातली होती, "काम चालू शे." सगळ्यांना ती आवडे. मलाही आवडे, आणि त्याचाच अधिक राग येई.

"वीस ओळींत प्रश्न मिटवला पोरीनं," भाऊ म्हणाले. माझ्या तीन वर्षांबद्दल असे एकही वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते.

सोमवारी मी त्या वीस ओळी वाचल्या. बाराव्या ओळीत मला हवे ते सापडले. ईमेल पाठवण्यासाठी सर्व्हरला जी आज्ञा दिली जाई, तिच्यातच आमची नोंद जशीच्या तशी चिकटवली जात होती. आज्ञेच्या आत आलेला मजकूर म्हणजे केवळ मजकूर, असे सर्व्हर मानत नाही. उलट्या अवतरणचिन्हांत एखादी आज्ञा दिसली, तर तो ती वाचून दाखवत नाही, चालवतो. शिवाय ही स्क्रिप्ट ज्या खात्यावर चालत होती, त्याला प्रत्येक प्रकल्पाची फाइल पुसण्याचा अधिकार होता.

खात्री करण्यासाठी मी सरावाच्या प्रकल्पात तारीख विचारणारी निरुपद्रवी आज्ञा नोंदीत लिहिली. त्या प्रकल्पाचे ईमेल फक्त मलाच येत; त्यात आज्ञेच्या जागी त्या दिवसाची तारीख आली. मला झालेला आनंद प्रयोग यशस्वी झाल्याचा नव्हता. तो कोणत्या जातीचा होता, हे मला तेव्हाही कळत होते.

तिला एक फोन पुरला असता. मी केला नाही. शुक्रवारी दोन्ही गटांची बैठक होती. तिथे भाऊंसमोर, पडद्यावर, क्रमाने सगळे मांडायचे ठरवले. चार स्लाइड तयार केल्या. तिसरीवर बारावी ओळ लाल रंगात होती.

गुरुवारी जेवणानंतर तिचा फोन आला. "ताई, बठ्ठं गयं! सगळं गेलं! निर्यातीचा प्रकल्पच सर्व्हरवर दिसत नाही. तुमच्याकडे कुणी काही केलं का?"

मी मागे वळून पाहिले. आमच्यात वयाने सर्वांत मोठे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते निवांत बडीशेप चघळत होते. त्यांनी निर्यातीच्या प्रकल्पात नुकताच कोड जमा केला होता. आपल्या लॅपटॉपवरचे तात्पुरते फोल्डर त्यांनी 'इथले सगळे पूस' अशा आज्ञेने साफ केले, आणि माझ्या नियमानुसार ती आज्ञा नोंदीत लिहिली. आजवर नोंदींत आलेल्या आज्ञा निरुपद्रवी होत्या, ही नव्हती; सर्व्हरने ती स्वतःवर पुन्हा चालवली. सर्व्हरसाठी 'इथले' म्हणजे तो प्रकल्पच होता.

"मी काय केलं?" आबा म्हणाले. "तुझ्याच शिस्तीत लिहिलं ना! आता म्हणशील, चूक आबांचीच."

म्हणजे तिची ओळ आणि माझा नियम, दोन्ही मिळून हा अपघात घडला होता. एकट्या ओळीने कदाचित वर्षभर काही बिघडले नसते. माझ्या स्लाइडमध्ये हा मुद्दा नव्हता.

कोड बचावला, कारण प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत असते. तिने स्वतःच्या प्रतीवरून संध्याकाळपर्यंत प्रकल्प परत उभा केला.

शुक्रवारी ती धुळ्याहून बसने आली आणि बैठक सुरू होताच बोलू लागली. "चूक माझी शे भाऊ. मजकूर आज्ञेत घालायला नको होता."

भाऊ माझ्याकडे वळले. "तू ही स्क्रिप्ट वाचली होतीस का?"

'नाही' म्हणणे सोपे होते. कुणालाही कळले नसते. लॅपटॉप मी उघडलाच नाही. "सोमवारी वाचली," मी म्हणाले. "दोष तेव्हाच सापडला होता. आज दाखवणार होते."

आबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली. "सोमवारी? मग फोन का नाही केला, ताई?"

मी न उघडलेला लॅपटॉप पिशवीत ठेवला.

जबाबदारी तिच्याकडे गेली. दुपारी आम्ही दोघी एकाच टेबलावर बसून स्क्रिप्ट बदलली. नोंद आता आधी वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि ईमेलचा प्रोग्राम ती तिथून निव्वळ मजकूर म्हणून उचलतो. स्क्रिप्टला वेगळे खाते दिले. त्याला ईमेल पाठवण्यापलीकडे कशालाही हात लावता येत नाही. न समजलेले ती सरळ विचारत होती, "हे परत सांग," असे तीन तीनदा, जराही न संकोचता. मला ते आजवर एकदाही जमलेले नाही. सर्व्हरपेक्षा त्याचाच हेवा मला त्या दुपारी अधिक वाटला.

तो अजून वाटतो. तिची नवी स्क्रिप्ट आली की मी अजूनही आधी चूकच शोधते. सापडली की त्याच मिनिटाला फोन लावते, आणि तिने तो उचलेपर्यंत, बैठकीत हे किती छान दिसले असते, असा विचार करत राहते.