इंजिन उतरवायची घोडी

उतराण, म्हणजे गुजरातेतली संक्रांत, होऊन आठ दिवस झाले तरी विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबतच होते. सुरतेच्या बमरोलीत त्या सकाळी धुकं होतं. धुकं म्हणायचं आपलं, निम्मा तर मिलचा धूर. समोरच्या डाइंग मिलची चिमणी बुडापाशी दिसे आणि कमरेपाशी कुणी कापून नेल्यागत नाहीशी होई. पावणेसहाला नळाला पाणी आलं. हिलाल महाजन कानांवर मफलर आवळून हंडा लावून उभा राहिला. पुढे दोन बाया, मागे तीन. गडी म्हणाल तर तो एकटा.

"हिलालभाऊ, भाकरी पण थापता का आता?" मागून शेजारची रंजना म्हणाली. बाकीच्या हसल्या. "नाही, आमच्यावाल्याला बघायला पाठवते. शिकेल काही."

"पाठव," हिलाल म्हणाला आणि भरलेला हंडा खांद्यावर घेऊन चालू लागला.

असे अकरा हंडे. दारातल्या निळ्या ड्रमवर फडकं बांधायचं, त्यातून पाणी गाळून ओतायचं. दोन महिने झाले, हे काम त्याचं होतं. त्याची बायको शोभाबाई उंबऱ्यात पाय पसरून साडीला खडे चिकटवत बसलेली असे. मार्केटातून साड्यांचा गठ्ठा येई, त्यावर चिमट्यानं एकेक खडा बसवायचा. मान वर न करता ती म्हणाली, "फडकं सरकी गयं."

त्यानं फडकं नीट केलं. चहा घेतला का, असं त्याला कुणी विचारलं असतं तर कप ओला आहे का ते बघून सांगावं लागलं असतं. हल्ली त्याचं असंच चाललं होतं.

हिलाल मूळचा पारोळ्याकडचा. विसाव्या वर्षी सुरतेला आला आणि वीस-बावीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात फिटर म्हणून राबला. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं खोलीपुढच्या पत्र्याखाली मोटारसायकलींचं गॅरेज टाकलं. हात लोखंडाला सरावलेला, त्यामुळे इंजिनाच्या कामात त्याचं नाव लवकर झालं. पांडेसऱ्यापासून गाड्या येत. दुसऱ्या गॅरेजवाल्यांना न सुटलेलं इंजिन शेवटी हिलालच्या दारात यायचं.

इंजिन खोलणं अवघड नाही. अवघड आहे ते गाडीतून बाहेर काढणं. बोल्ट सुटेपर्यंत ते चौकटीत बसलेलं असतं. शेवटचा बोल्ट निघाला की सगळं वजन एकदम खाली येतं. त्या घडीला कुणीतरी ते धरायला लागतं. छोट्या गाडीचं हिलाल एकटा मांडीवर घेई. बुलेटचं मात्र एकट्याचं काम नाही. मदतीला ठेवलेला माणूस चार-सहा महिन्यांत मार्केटात निघून जाई. मग हिलाल तोंड न वळवताच हाक मारी, "हात दे वं."

शोभाबाई साडी बाजूला ठेवून उठायची. कमरेला जुना टॉवेल घट्ट गुंडाळायची, डाव्या बाजूनं वाकून इंजिनाखाली दोन्ही हात घालायची आणि ते पोटाशी धरायची. हिलाल उजवीकडून बोल्ट ठोकून काढी. मग दोघं मिळून, "हं... हं..." करत, ते लाकडी टेबलावर आणून ठेवत. नऊ वर्षं हे चाललं. तो टॉवेल साडीला ऑइल लागू नये म्हणून आहे, असंच हिलालला वाटत होतं.

दिवाळीनंतर ती एका सकाळी मोरीत बसली ती उठेना. कामरेजला दिलेली त्यांची पोरगी सुवर्णा आली आणि दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई गुजराती, केस पिकलेल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, पिशवी पार खाली उतरलीय, काढावी लागेल, आणि हे आजचं नाही, दोन-तीन वर्षांचं आहे. मग जड उचलण्याचं त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "भारे शुं ऊंचको छो, बेन?"

शोभाबाईनं एकदा हिलालकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर होते. नखांत काळं ऑइल होतं.

"पाणी," ती म्हणाली. "पाणीना हांडा."

डॉक्टरीणबाईंनी तसंच लिहून घेतलं. हिलाल शेजारच्या खुर्चीवर होता. त्याला बोलता आलं असतं. तो बोलला नाही. भिंतीवर बाळाचं चित्र होतं, ते तो बघत बसला.

ऑपरेशन नीट झालं. पाच किलोच्या वर आता जन्मभर काही उचलायचं नाही, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून हिलाल नळावर जायला लागला. गल्लीत कौतुक झालं, मग चेष्टा झाली. पाणी त्यानं एकही दिवस चुकवलं नाही.

पण गॅरेजचं काय? महिन्याभरानं एक गाडी आली, मधल्या वजनाची. त्यानं एकट्यानं मांडीवर घ्यायचं ठरवलं. शेवटचा बोल्ट निघाला, मांडी ढळली, इंजिन तिरपं झालं, आणि त्याला कळायच्या आत डावीकडून दोन हात आले. खड्यांचा डिंक बोटांना तसाच. शोभाबाईनं इंजिन पोटाशी घेतलं होतं. टॉवेल बांधायला वेळ मिळाला नव्हता.

इंजिन टेबलावर गेलं. ती भिंतीला धरून हळूहळू आत गेली आणि दिवसभर कुशीवर पडून राहिली. त्यानंतर हिलालनं दोन बुलेट दारातून परत पाठवल्या. त्याला एवढंच कळलं होतं: इंजिन हललं की ही उठणार. आपण हाक नाही मारली तरी उठणार. तिला थांबवायचं तर डाव्या बाजूला दुसरं काहीतरी उभं करायला हवं.

म्हणून तो भंगारवाल्याकडे गेला. सुरतेत जुन्या लूम रोज तुटतात, वजनावर विकल्या जातात. त्या ढिगातून त्यानं कापड गुंडाळायचा लोखंडी रूळ काढला, रुळाच्या टोकाचं दातेरी चाक काढलं, आणि त्या दात्यांत अडकणारी छोटी खिटी काढली. कारखान्यात तिला कुत्रा म्हणत. चाक पुढं फिरलं की कुत्रा टकटक करत एकेक दाता सोडतो, मागं मात्र एक दाताही जाऊ देत नाही.

"लूम टाकतो का परत?" भंगारवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"बायकोला सुट्टी द्यायचीय," हिलाल म्हणाला. भंगारवाला हसला. हिलाल हसला नाही, पण त्यानं ते नीट मोजूनमापून सांगितलं होतं असंही नाही. तोंडातून गेलं.

वेल्डिंगचं मशीन शेजारच्या धर्मेंद्रचं. तो भैय्या, खिडक्यांच्या जाळ्या करणारा, तोंडाचा फाटका. पाच दिवस हिलाल दुपारी त्याच्या शेडमध्ये बसला. चौकोनी पाइपाचे चार पाय, खाली कापडाचे तागे वाहायच्या गाडीची चार चाकं, वर आडवा रूळ. मोटारसायकल मधोमध उभी राहील एवढी ती घोडी उंच. रुळावर ट्रकचा माल बांधायचा पट्टा गुंडाळायचा. पट्ट्याच्या टोकाला विळ्यासारखा वाकवलेला जाड लोखंडी हात: त्याचं वरचं टोक गाडीच्या चौकटीवरून येईल, खालचं इंजिनाच्या पोटाखाली जाईल. खालच्या टोकाला त्यानं तळहाताएवढी पट्टी जोडली आणि तिच्यावर जाड रबर चिकटवलं.

"भैया, ये इंजन उतारोगे कि फाँसी दोगे किसी को?" धर्मेंद्रनं घोडीभोवती फेरी मारली.

"इंजन."

"हमको लगा भाभी ने पानी भरवा-भरवा के..."

"वो कोना भरना है अभी," हिलाल म्हणाला, वेल्डिंग राहिलेला सांधा दाखवला आणि काळी काच डोळ्यापुढं धरली. धर्मेंद्रची चेष्टा ठिणग्यांत गेली.

फिरवायचा दांडा त्यानं उजव्या टोकाला बसवला. दातेरी चाक आणि कुत्रा डाव्या टोकाला. का, असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वीस वर्षं त्याच्या लूमवर ते तसंच होतं. हात आपसूक तसे चालले.

त्या धुक्याच्या दिवशी, अकरा हंडे भरून झाल्यावर, त्यानं घोडी पत्र्याखाली आणली. उधन्याच्या मराठी शाळेतल्या जयंत सरांची बुलेट आठवडाभर दारात होती. तिसरी गाडी त्यानं परत पाठवली नव्हती, एवढंच. दुपारी जेवून त्यानं टाकी उतरवली, सायलेन्सर, कार्बोरेटर, वायरी सोडवल्या. घोडी गाडीवरून आणली, विळ्याचा हात इंजिनाखाली सरकवला आणि दांडा फिरवला. टक. टक. टक. पट्टा ताठ झाला. त्या आवाजावर शोभाबाईनं चिमटा थांबवला. लूमच्या कुत्र्याचा हा आवाज तिनं कित्येक वर्षांत इतक्या जवळून ऐकला नव्हता.

"बठ तू," हिलाल न बघता म्हणाला.

"बठेलच शे."

त्यानं बोल्ट काढले. शेवटचा ठोकताना त्याची मान आपोआप डावीकडे वळली. तिथं लोखंडी पाय होता. बोल्ट निघाला. इंजिन हललं नाही. रबरावर बसून राहिलं, तान्ह्या पोरागत. हिलालनं घोडी बाजूला ढकलली आणि साठ किलोचं इंजिन चौकटीतून अल्लाद बाहेर आलं, हवेत. बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यानं टेबल खाली सरकवलं.

आणि तिथं काम अडलं.

इंजिन वीतभर खाली सोडायचं होतं. वजनानं कुत्रा दात्यात रुतून बसला होता. दांडा थोडा पुढं फिरवून वजन हातात घ्यायचं, तेवढ्यात कुत्रा उचलायचा, मग दांडा हळूहळू सैल सोडायचा, असं ते काम. पण दांडा या टोकाला, कुत्रा त्या टोकाला. मधे साडेचार फूट. त्यानं दांडा पोटाशी दाबून हात लांब केला. पोचेना. पायानं बघितलं, पान्यानं बघितलं. लूमवर हे कधी अडलं नव्हतं, कारण लूमवर कापडाला वजन नसतं. बोटानं कुत्रा उचलला की झालं. शिवाय कापड पुढंच जातं. ते परत खाली सोडायची पाळी सहसा येतच नाही.

धर्मेंद्र जाळी बसवायला बारडोलीकडे गेला होता. गल्लीतले पुरुष कामावर. हिलाल दांडा सोडून उभा राहिला. इंजिन लोंबत होतं, पडत नव्हतं, उतरत नव्हतं. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. पाच दिवस खपून त्यानं जे केलं होतं, त्यालाही दुसरं माणूस लागत होतं.

साडीची घडी सरकल्याचा आवाज झाला. शोभाबाई उठून आली. काही विचारायच्या आधीच तिचे दोन्ही हात इंजिनाखाली गेले.

"हात काढ."

आवाज एवढा मोठा निघाला की समोरच्या दारातून रंजनानं डोकं बाहेर काढलं आणि आत घेतलं. शोभाबाईनं हात काढले. पदराला पुसले.

"काय व्हयनं?"

"खाले उतरत नई."

तिनं दांडा बघितला, रूळ बघितला, त्या टोकाचं चाक बघितलं. पूर्वी कारखान्यात डबा घेऊन गेली की, बंद पडलेल्या लूमच्या कडेला उभी राहून ती हेच बघायची.

"हाऊ कुत्रा उचलाना शे, इतलंच ना?"

"तू नको."

"कितलं वजन शे कुत्राले?"

हिलालनं मनात तोलला. छटाकभर असेल.

"बोट उचलाले डॉक्टरीनबाईनी मना करेल नई शे," ती म्हणाली आणि डाव्या टोकाशी जाऊन उभी राहिली. "चाला. धरा तुम्हना दांडा."

त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला, पुढं फिरवला. वजन त्याच्या खांद्यात आलं. तिनं एका बोटानं कुत्रा वर केला. पट्टा सैल पडत गेला, रूळ करकरला, आणि इंजिन टेबलावरच्या जुन्या टायरवर बसलं. तिनं कुत्रा सोडला. टक.

दोघं दोन टोकांना उभे होते. त्यानं दांडा सोडला.

"तू टॉवेल कसाले बांधस, माले माहीत नवतं," हिलाल म्हणाला.

"माले व्हतं."

"मंग?"

"मंग काय. गाडीवाला दारमा उभा ऱ्हाये." तिनं बोटाला लागलेलं ग्रीस घोडीच्या पायालाच पुसलं. "तुम्हले हात दोनच शेतस."

तो पट्टा गुंडाळत राहिला. ती परत उंबऱ्यात जाऊन बसली, साडी मांडीवर ओढली, चिमटा शोधला.

"कुत्राले दोरी बांधशात का आते?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "म्हनजे या टोकतून वढता यी."

हिलालनं कुत्र्याकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं. तीन-चार हात सुतळी, वर एक कडी. दहा मिनिटांचं काम.

"बांधसु."

"बांधा." तिनं एक खडा उचलला, जागेवर ठेवला, बोटानं दाबून धरला. "पन सकाय बांधा. आते पानी ई ऱ्हायनं."

कोपऱ्यावर संध्याकाळच्या पाण्याचा नळ फुसफुसायला लागला होता. हवा आधी येते, मग पाणी. हिलालनं रॉकेलच्या फडक्याला हात पुसले, काळं पुरतं निघालं नाही, मग साबणानं धुतले. दोन हंडे एकात एक घालून उचलले आणि रांगेत रंजनाच्या मागं जाऊन उभा राहिला. ती या वेळी नुसती सरकली. त्याचा नंबर आला. त्यानं हंडा लावला, भरला, खांद्यावर घेतला, दारात आणला. फडकं सकाळपासून वाळून कडक झालं होतं. ते त्यानं पाण्यातून काढलं, पिळलं, ड्रमच्या तोंडावर ताणून बांधलं आणि ओतायला लागला.