सायलेन्सरचे बारा नग

मी मुळात भित्रा माणूस. मी शिक्षक, आणि शाळेत तपासणी असली की आदल्या दिवसापासून त्याच त्या वह्या पुन्हा पुन्हा तपासत बसतो. असा माणूस नेमबाजी कशाला शिकला, असं बायको अजून विचारते. नेमबाजीत समोर कोणी माणूस नसतो, कागद असतो. दहा मीटरवर कागद, हातात छऱ्याची रायफल, आणि ट्रिगर दाबेपर्यंत डोक्यात दुसरं काही येत नाही. तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटत नाही.

सराव आमच्या इमारतीच्या गच्चीवर चालायचा. भिवंडीच्या निजामपुऱ्यात खाली कापडाचे लूम, बाजूला लूम, त्या खटखटीत माझा आवाज कोणाला ऐकू जातोय! पण शुक्रवारी लाइट बंद, म्हणून लूम बंद. त्या दिवशी एकेक बार गल्लीभर घुमायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्या एकदा जिन्यात अडवून म्हणाल्या, "काय वं सर, वर फटाके फोडताव काय? माझा जीव जाग्यावर न्हाय ऱ्हात." मला फार ओशाळल्यासारखं झालं. शुक्रवारी सराव बंद ठेवावा, हे सुचलं नाही. सायलेन्सर सुचला.

मग मधल्या सुट्टीत मोबाइलवर वाचनाचा सपाटा लावला. परदेशातले शिकारी सायलेन्सरवर असे बोलतात, जसे आपल्याकडे लोक आंब्यावर बोलतात. लांब असला तर आवाज जास्त मरतो, पण झाडीतून चालताना तो फांद्यांत अडकतो. जड असला तर नळीचं तोंड खाली ओढतं. अचूक नेम धरणारे त्याहून चिकित्सक. त्यांना आवाजाचं काही नाही, तो लावल्यावर छर्रे पूर्वीच्याच जागी लागतात की सरकतात, एवढंच त्यांना बघायचं असतं. महिनाभर घोळ घालून मी एक पसंत केला, आखूड आणि हलका. पण ऑर्डर जाईना. भिवंडीचा पत्ता टाकला की पानावर लाल अक्षरं यायची. परदेशी दुकान आहे, इकडे पाठवत नसतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती लाल अक्षरं मी एकदाही नीट वाचली नाहीत.

भिवंडीत एखादी वस्तू मिळाली नाही म्हणून कोणी अडून बसत नाही. मागच्या गल्लीतले लेथवाले चाचा लुमांचे पार्ट करून देतात. नमुना दाखवा किंवा कागदावर मापं द्या. कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या धंद्यात नाही. त्यांची दोन नातवंडं आमच्या शाळेत, त्यामुळे मला मान जरा जास्तच. मी सोमवारी चित्र दिलं, मोबाइल नंबर सांगितला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पाहिलं आणि म्हणाले, "हो जायेगा सर. शनिवारला या."

शनिवारी सकाळी मी नेमबाजीच्या रेंजवर होतो; आठवड्यातून एकदा तिथं शिकायला जातो. आमचे प्रशिक्षक रिटायर्ड फौजी. त्यांना मी मोठ्या हौसेनं विचारलं, सायलेन्सर लावला तर नेम सरकतो का? त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"कोणाकडे आहे?"

"कोणाकडे नाही. सहज विचारलं."

"सहजही विचारू नका. परवान्याशिवाय सायलेन्सर बाळगणं गुन्हा आहे, आणि तसला परवाना तुम्हा-आम्हाला कोणी देत नाही. छऱ्याच्या बंदुकीचा म्हणून कोणी सोडणार नाही. नोकरी जाईल, सर."

मी सराव तिथेच थांबवला. रायफल पेटीत भरली आणि निघालो. परतीच्या वाटेवर हायवेच्या वडपे नाक्याला ट्रकच्या रांगेत रिक्षा अडकली आणि तिथं बसल्या बसल्या मला चाचांची रीत आठवली. लेथवर सेटिंग एकदा बसली की चाचा एक नग काढून थांबत नाहीत, डझन काढतात. लुमचा पार्ट आज एकाला लागला तर उद्या दहा जणांना लागतोच. शिवाय पहिला नग दुकानाच्या दारातल्या तारेवर टांगतात आणि त्याला पुठ्ठ्याचं कार्ड बांधतात, कोणाचा माल ते कळावं म्हणून. म्हणजे भर रस्त्यावर बंदुकीचा सायलेन्सर आणि त्याखाली माझा मोबाइल नंबर! वर्गातली पोरं, पेपरातला फोटो, बायकोचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप उभी होती. दोन हवालदार नुसते चहा पीत होते, पण मी त्यांच्यासमोरून खाली मान घालून गेलो. दुकान उघडं, आत कोणी नाही. चाचा नमाजला गेले असणार. तारेवर बेअरिंग, पुल्या, आणि त्यांच्या मधोमध तो, पॉलिश करून चकचकीत. कार्डावर लिहिलं होतं 'सर', आणि खाली माझा नंबर.

मी कार्ड ओढून काढलं, खिशात कोंबलं आणि निघालो. खरं सांगतो, मी निघालोच होतो. आता माझं नाव कुठे नाही, एवढंच डोक्यात होतं आणि जीव हलका झाला होता. दहा पावलं गेलो असेन, तेवढ्यात समोरून चाचा आले. "अरे सर, चाललात कुठे? माल रेडी आहे ना!"

हात धरून त्यांनी मला आत नेलं, स्टुलावर बसवलं, गोणपाटातून अकरा नग टेबलावर काढले. हौसेनं एक माझ्या हातात दिला. "मापात काय फरक नाही ना?"

माझ्यानं राहवलं नाही. हलक्या आवाजात सगळं सांगितलं. वस्तू काय आहे, सापडली तर काय होईल. चाचांच्या तोंडावरचा रंग उडाला. उठून त्यांनी शटर अर्धं ओढलं, कटर चालू केला आणि एकेक नग उभा चिरायला घेतला. ठिणग्या त्यांच्या दाढीपर्यंत उडत होत्या. मी दाराशी उभा राहून जीपकडे बघत होतो. अकरा झाले. मग त्यांनी तारेवरच्या बाराव्याकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. नगाला नुसता दोरा लोंबत होता.

"सर, इसका कार्ड?"

माझा हात आपोआप खिशावर गेला. तो त्यांनी पाहिला. आवाज न चढवता ते म्हणाले, "पोलीस आती तो मैं किसका माल बोलता, सर? मेरे को तो तुम्हारा नाम भी मालूम नहीं."