वसंताचा हुंकार

भावजयीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "अक्का, ह्या उठी नही राहिनात," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. धुळ्याहून धरणगावला पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. माझा धाकटा भाऊ वसंता, वय एकोणसाठ, झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हणते, बंद पाडलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे आणि तो मी पाळणार आहे. जिवंत माणसाबद्दलही चांगलंच लिहावं, असं मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

वसंता जिनिंगमधला माणूस. कापसातून सरकी वेगळी करायची, रुईच्या गठाणी बांधायच्या, हे काम त्याने वयाच्या विसाव्या वर्षी हातात घेतलं ते सोडलं नाही. फिटर होता, पुढे फोरमन झाला. मशीन सुरू असताना नुसता आवाज ऐकून कुठला रोलर घासतोय ते सांगायचा. शाळेत मात्र मठ्ठ. मी भाषा शिकवणारी मास्तरीण, आणि माझ्या सख्ख्या भावाला इंग्रजीच्या पेपरात कधी चाळीसच्या वर मार्क पडले नाहीत. मी त्याला खूप चिडवायची. तो हसायचा आणि म्हणायचा, "अक्का, मशीनले इंग्रजी येस का?"

आमच्या घरची, तशी आमच्या भागातल्या घरोघरची, एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच फिरलं. मोठं माणूस बोलत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. नाना, म्हणजे आमचे वडील, काही सांगू लागले आणि समोरून "हां... हां..." आलं नाही, की ते बोलणंच थांबवायचे. गप्प बसणारा पोरगा त्यांना उद्धट वाटायचा. नानांचं म्हणणं पटलं की नाही याच्याशी त्या हुंकाराचा काही संबंध नसे. माझं लक्ष आहे, तुम्ही बोला, एवढाच त्याचा अर्थ. वसंताचा हुंकार तर सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होता. प्रत्येक वाक्याला मान हलवून "हां". एकदा नाना त्यालाच पाऊण तास शिव्या घालत होते आणि हा मनापासून हुंकार देत होता. शेवटी नानांनाच हसू आलं.

पाच वर्षांपूर्वी त्याला आफ्रिकेतल्या बेनिनमधून बोलावणं आलं. तिथे कापूस अमाप, मशिनरी आपल्याकडची आणि ती चालवणारा जाणकार माणूस नाही. तिथली कामकाजाची भाषा फ्रेंच. मी म्हटलं, "अरे, तुला तिथे पाणी तरी मागता येईल का?" तर म्हणाला, "अक्का, तठे दुभाषी शे. आपला धुयानाच माणूस शे. माले काय चिंता?" आपला धुळ्याचाच माणूस! या एका गोष्टीवर माझा भाऊ समुद्र ओलांडून गेला.

तिथल्या कामगारांशी त्याचं छान जमलं. हातवारे करून, मशीनवर थाप मारून, नट-बोल्ट दाखवून त्याने वीस पोरं तयार केली. फोनवर त्यांचे फोटो पाठवायचा. पण साहेबांशी बोलायचं म्हणजे दुभाषी लागायचाच. त्या गृहस्थाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आता धुळ्यात परतले आहेत, पेपरची ही पुरवणी त्यांच्या घरी येते, त्यांना नावाची गरज पडणार नाही.

दुसऱ्या हंगामात कापसातून तारांचे, खिळ्यांचे तुकडे येऊ लागले. लोखंड ओढून घेणारा चुंबक निकामी झाला होता. लोखंड आत गेलं की ठिणगी उडते आणि कापसाला तेवढी पुरते. वसंताने दुभाष्याला तीनदा सांगितलं, मशीन थांबवा, नवा चुंबक येऊ द्या. दुभाष्याने साहेबांना काय सांगितलं? 'फोरमन म्हणतो, लक्ष ठेवतो.' हंगामात मशीन बंद ठेवा असं सांगून साहेबांचा राग कोण ओढवून घेणार! आठव्या दिवशी आग लागली. माणसं वाचली, जिनिंग गेलं.

मग चौकशी बसली. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे वसंता आणि शेजारी हा आपला माणूस. मोठे साहेब बराच वेळ फ्रेंचमध्ये बोलत होते आणि माझा भाऊ, वडीलधाऱ्यासमोर बसावं तसा बसून, वाक्यावाक्याला मान हलवत हुंकार देत होता. "हां... हां..." साहेबांनी विचारलं, हा कबूल करतोय का? आणि धुळ्याच्या घरात वाढलेल्या, स्वतः आयुष्यभर हुंकार देत आलेल्या त्या माणसाने सांगितलं, होय. मग हजेरीचा कागद म्हणून वसंताची सही घेतली. तो कबुलीजबाब होता.

परत आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. आफ्रिकेत जिनिंग जाळून आला! तीस वर्षं ज्यांच्या मशिनी त्याने चालत्या ठेवल्या, त्यांनी त्याला फाटकाच्या आत घेतलं नाही. मला एवढंच म्हणायचा, "अक्का, मी त्याले बठ्ठं सांगेल व्हतं." आणि मी, त्याची शहाणी बहीण, म्हणाले होते, "अरे, तुलाच नीट सांगता आलं नसेल." हे वाक्य मला आता कुठे ठेवावं कळत नाही.

दहाव्याला दुभाषी आले. उंबऱ्यापाशी हात जोडून रडू लागले. "अक्का, माले माफ करा. वसंतभाऊ नुसता हुंकार दी राहिंतात, माले माहीत व्हतं. चुंबकनं बी मी साहेबले सांगेल नव्हतं. साहेबनी इचारं तं मी 'कबूल शे' सांगं, मंग त्या बोलनात, लिखी टाक. मी लिखी टाकं."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "हेच उद्या धरणगावच्या सगळ्या जिनिंगवाल्यांसमोर बोला." तर डोळे पुसून म्हणाले, आता माणूसच गेला, बोलून काय उपयोग, शिवाय मुलीचं लग्न ठरलंय. मी त्यांना पाणीही विचारलं नाही. माफी मन हलकं करायला मागतात. त्यांचं मन हलकं व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्यांनी धरणगावकडे जाणाऱ्या प्रत्येक एसटीकडे पाहून चरकावं, अशी माझी इच्छा आहे. हे वाईट दिसतं हे मला कळतं. दिसू दे.

तेराव्यानंतर सुनंदाने वसंताच्या कपाटातून एक वही काढून माझ्या हातात दिली. शंभर पानी, निळ्या कव्हरची. परत आल्यावर गेली तीन वर्षं तो एकटाच मोबाईलवर ऐकून फ्रेंच शिकत होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं. देवनागरीत, त्याच्या त्या गचाळ अक्षरात: कोतों म्हणजे कापूस. फ म्हणजे आग. मग मशीन, चुंबक, ठिणगी, थांबवा. शेवटच्या पानांवर साहेबांना लिहायच्या पत्राची सुरुवात होती... चार ओळी, त्यातल्या तीन खोडलेल्या.

आता ती वही माझ्या टेबलावर असते. अडुसष्टाव्या वर्षी मी रोज पाच शब्द पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी तीन विसरते. एरवी पोरांच्या चुका काढणारी मी, त्याच्या उच्चारांवरून शिकते आहे. नमस्कार, आभार, क्षमस्व हे शब्द मी सोडून दिले, त्यांच्यावाचून माझं अडत नाही. त्या साहेबांसमोर, दुभाष्याशिवाय, मला एकच वाक्य बिनचूक म्हणायचं आहे: माझ्या भावाच्या शेजारी बसलेला तो माणूस खोटं बोलला.