भाषणाचा विषय

युआ लोरला सासरी नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. मोंग घरातली सून ती सूनबाई, मग ती अमेरिकेत फ्रेस्नोला नांदो नाहीतर मोंगांच्या मूळच्या लाओसच्या डोंगरात. दोन लेकरं शाळेला लागल्यावर तिनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. कोंबड्यांच्या कारखान्यात पाळी करायची, चिकट भात शिजवायचा, उरल्या वेळात पुस्तक. असं रेटत रेटत तिनं विद्यापीठात नर्सिंगची जागा मिळवली.

पण जागा अटीची होती. सगळ्यांना सक्तीचे जे विषय असतात, ते कॉलेजातच उन्हाळ्याआधी आटोपायचे. गणित झालं, इतिहास झाला. राहिला होता एक, भाषणकलेचा. तो तिनं घरबसल्या घेतला. शेवटचं भाषण चार मोठ्या वयाच्या माणसांसमोर करून त्याचं चित्रण पाठवायचं होतं. कारखान्यातल्या मैत्रिणी पाळीवर. सासू म्हणाली, माणसं मी आणते, आणि तिनं नवऱ्याचे सगळे भाऊबंद गोळा केले.

थोरले चुलत सासरे, चोंग पाओ, मधोमध बसले. युआ साखरेच्या आजाराबद्दल बोलली. औषध मध्येच का सोडू नये, पायाची जखम का लपवू नये. इंग्रजीत बोलली, चांगली बोलली, अडखळली नाही. फक्त चुलत सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं तिच्या जिवावर आलं. सगळं भाषण तिनं सतरंजीच्या काठाला सांगितलं.

जेवताना चोंग पाओ सासूला म्हणाले, "वहिनी, पोरगी गुणाची आहे. एवढी शिकली, पण एकदा मान वर केली नाही."

सासूचं काळीज सुपाएवढं झालं.

चित्रण पाहून भाषणकलेच्या बाईंनी नेमके तिथंच गुण कापले. ऐकणाऱ्यांकडे पाहिलं नाही, हातवारे नाहीत, आवाज खाली. हाती आली डी श्रेणी.

डी म्हणजे नापास नव्हे, म्हणून ती आधी निर्धास्त होती. कॉलेजातल्या सल्लागारानं, डुआर्ते सरांनी, तिला समोर बसवून उलगडून सांगितलं. कॉलेजच्या लेखी पास, पण विद्यापीठाला सक्तीच्या विषयात निदान सी लागतो. उन्हाळ्यात पुन्हा घेतला तर विद्यापीठ धरत नाही. बाईंना त्यांनी स्वतः विचारून पाहिलं होतं, विद्यापीठालाही. दोन्हीकडची माणसं गोड बोलली होती, पण नियमावर बोट ठेवून.

"मग आता?" युआनं विचारलं.

"पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज. मिळेलच असं मी म्हणत नाही." सर चष्मा पुसत राहिले. "माझ्या हातात असतं ना, युआ..."

ती घरी आली तेव्हा चोंग पाओ ओसरीवर मोहरीची भाजी निवडत बसले होते. नर्स होणार म्हणून साऱ्या भावकीत त्यांनीच सांगून ठेवलं होतं. कधीपासून जायचं, त्यांनी विचारलं.

"यंदा नाही, मामंजी. भाषणात गुण कमी पडले."

म्हाताऱ्याचे हात थांबले. "का? आम्ही होतो की सगळे. कुणी खोकलंसुद्धा नाही."

खरं सांगावं तर खापर त्यांच्या डोक्यावर फुटणार, आणि त्यांना ते कळायचंही नाही. वागायचं तसंच ती वागली होती, हे तेच चारचौघांत सांगत होते.

"माझंच चुकलं," ती भाजीकडे बघत म्हणाली.

चोंग पाओंनी बराच विचार केला. मग पोरीला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "हरकत नाही, सूनबाई. पुढच्या खेपेला सॅक्रामेंटोच्या भावकीतल्या थोरल्यांनाही बोलावू. एवढी वडीलधारी समोर बसल्यावर कशी गुण देत नाही, बघू ती बाई."

युआनं मान हलवली आणि पाण्याचं भांडं आणायला आत गेली.