जांभळापलीकडचं मैदान

आमची शाळा सिल्वासातल्या आमली भागात, दुकानांच्या मागे आहे. मी तिथे खेळ शिकवते. नवऱ्याची इथल्या प्रशासनात बदली झाली म्हणून आम्ही दापोलीहून सिल्वासाला आलो आणि मला ही नोकरी मिळाली. शाळेला मैदान होतं, पण त्याच्या मधोमध जांभळाचं मोठं झाड. झाडाच्या एका अंगाला मी चुन्याची फक्की टाकून खो-खोचं मैदान आखायचे. मापापेक्षा लहान आखूनही जागा जेमतेम पुरायची, बाजूची रेषा खोडाच्या अगदी जवळून जायची. ते झाड काढा, असं मी रुजू झाल्यापासून मुख्याध्यापिकाबाईंना सांगत होते. झाडावर माझा राग नव्हता. मला मोकळी जागा हवी होती.

विज्ञानाच्या सरांचा याला विरोध होता. लहान वर्गांची मुलं त्याच सावलीत डबा खायची. “मॅडम, लाइट गेली की तुम्हीपण तिथेच येऊन बसता,” असं सर म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

एका सकाळी सातवीतली एक मुलगी पळती करत होती. मारणारी मागे किती जवळ आली आहे ते बघायला तिने मान वळवली आणि ती रेषेबाहेर जाऊन सरळ खोडावर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं. मी आणि सर तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. वाटेत ती रडली नाही. “टीचर, मी आउट झाले का?” एवढंच विचारलं.

तिचे वडील अमळनेरकडचे, इथे धाग्याच्या कंपनीत कामाला. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर ते तसेच शाळेत आले.

“मॅडम, मले भांडायचं नाही,” ते मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले. “पण ते झाड काढा. उद्या आणखी कोनाचं पोरगं आपटंल.”

“मीपण तेच म्हणत होते,” मी म्हटलं.

सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वडील गेल्यावर त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, “झाड तिथे नाहीच असं समजा आणि मला पूर्ण मापाचं मैदान आखून दाखवा. परवानगीचं नंतर बघू.”

मी आणि सरांनी दोरी धरली. खोडाचा अडथळा आला की दोरी तिथे सोडायची आणि पलीकडून पुन्हा धरायची. दोरीचं शेवटचं टोक शिक्षकांच्या गाड्या लावायच्या जागेत गेलं. तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि वर पत्रे होते.

बाई बघायला आल्या. “म्हणजे झाड काढलं तरी गाड्या हलवाव्या लागतीलच?”

“हो,” मी म्हटलं.

“आणि नुसत्या गाड्या हलवल्या तर?”

मी पुन्हा दोरी टाकली. मैदान आडवं फिरवलं आणि ते पत्र्यांच्या जागेत नीट बसलं. झाड चांगलंच लांब राहिलं. “मग झाड राहिलं तरी चालेल,” मी सांगितलं. आपण हे आधीच का मोजलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. गाड्या तिथेच असतात, म्हणून ती जागा कोणी हिशेबात धरलीच नव्हती.

“गाड्या बाहेर गल्लीत,” बाई म्हणाल्या.

सरांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. त्यांचा चेहरा पडला. “गल्लीत टेम्पो येतात, बाई. गाडीला ओरखडे पडतील.”

“पडतील,” बाई म्हणाल्या.

स्टाफरूममध्ये पुढे बरेच दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. सरांच्या गाडीला पहिला ओरखडा आठवड्याभरातच पडला. तरी झाड काढायला हवं होतं, असं ते कधी म्हणाले नाहीत. पत्रे काढून, पेव्हर ब्लॉक उखडून मुरूम पसरेपर्यंत दिवाळी उलटून गेली.

मुलीच्या वडिलांना हे फारसं पटलं नाही. “झाड तर तिथंच आहे ना,” ते म्हणाले, आणि त्या वर्षी त्यांनी तिला खेळू दिलं नाही. ती काठावर बसून बघायची. पुढच्या वर्षी एका शनिवारी ते स्वतः आले, नव्या रेषेपासून झाडापर्यंत चालत गेले, परत आले. “खेळू द्या,” म्हणाले आणि निघून गेले. ती आता वेगात पळते, पण मागे बघत नाही, त्यामुळे लवकर बाद होते. मागे बघ, असं मी अजून तिला सांगितलेलं नाही.

नव्या मैदानावर सावली अजिबात नाही. सकाळच्या वर्गांना खो-खो मिळतो. दुपारच्या वर्गांना मी जांभळाखाली लगोरी खेळवते. ती मुलं विचारतात, “टीचर, आमचा नंबर कधी?” ऊन उतरेपर्यंत त्यांची शाळा सुटलेली असते. वेळापत्रक बदलता येईल का, असं मी बाईंना विचारलं आहे. त्या बघू म्हणाल्या आहेत.